मेस्त्रींचा डावा कान

मला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी लावलेली बाई, असं घरचे म्हणतात आणि खरंच म्हणतात. अशा बाईला नोकरी कसली मिळावी? दोन-दोन तास एका काचेच्या नळ्याशेजारी थांबून आत झोपलेल्या माणसावर नजर ठेवायची. खोलीत चालायला साडेतीन पावलांची जागा आहे. तेवढ्यात मी दिवसभर येरझाऱ्या घालते.

राजारामपुरीत खाली नीट परीक्षेचा क्लास आणि वर आमचं सेंटर. मी दीक्षा, इथली टेक्निशियन. ‘हायपरबॅरिक चेंबर’ म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात, म्हणून मी सरळ ऑक्सिजनचा नळा म्हणते. माणसाला आत झोपवायचं, दार लावायचं, निव्वळ ऑक्सिजन सोडून दाब चढवायचा. महिनोन्‌महिने न भरणारी जखम मग हळूहळू भरायला लागते. नळा फुटेल की काय, अशी भीती प्रत्येकाला असते. नळा फुटत नाही. हयगय केली तर कानाचा पडदा मात्र फाटतो.

घाट उतरताना एसटीत कानाला दडे बसतात, तसलाच प्रकार. नाकाच्या मागून कानापर्यंत एक बारीक वाट असते. आवंढा गिळला, जांभई दिली, नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की ती उघडते आणि दडा सुटतो. नाही उघडली तर बाहेरचा दाब पडद्याला आत रेटत राहतो. त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं पेशंटचा जीव कानात आणि माझा जीव व्हॉल्व्हवरच्या हातात.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या बाईंचा पडदा माझ्या हातून फाटला. दुखतंय म्हणून त्यांनी आतून तळहात दाखवला होता. मी घड्याळाकडे बघत होते, बाहेर पुढचा पेशंट ताटकळलेला होता. अर्ध्या मिनिटाचा उशीर. दोन महिन्यांनी पडदा भरून आला, बाईंनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून दाब चढवताना मी जास्त चालते, जास्त ओरडते.

आकाराम मेस्त्री आमच्याकडे आले ते पायासाठी. वय एकसष्ट, मूळचे चंदगडकडचे, पण चाळीस वर्षं इथेच ऑइल इंजिनं आणि पंप दुरुस्त करण्यात गेलेली. हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर चालू इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं. खोलून बघावं तर तेच बेअरिंग. हे मला त्यांच्या बायकोनं, अंबूबाईंनी सांगितलं. मेस्त्री स्वतःहून काही सांगणाऱ्यातले नव्हते. पहिल्याच दिवशी मी शेजारी उभी राहून “काका, नाष्टा झाला का?” विचारलं, तर गृहस्थ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. जन्मभर लोकांनी मेस्त्री मेस्त्री केलं की माणसाची मान अशी ताठ होते, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

साखरेपायी उजव्या तळव्याला जखम, सहा महिने न भरलेली. दुसरीकडच्या सर्जननी सांगितलं होतं, महिनाभरात सुधारणा दिसली नाही तर निम्मं पाऊल काढावं लागेल. म्हणजे आमच्या नळ्यात तीस वेळा झोपणं भाग होतं, आणि तीन वेळांतच डाव्या कानानं दगा दिला. पहिल्यांदा नुसतं दुखलं. दुसऱ्यांदा पडदा लाल. तिसऱ्यांदा डॉक्टर संयोगितांनी कानात दुर्बीण घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पडद्यामागे रक्ताचा ठिपका आहे.”

मग त्या मेस्त्रींच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. “पडद्यात एक बारीक नळी बसवून घेऊ. थोड्या वेळाचं काम असतं. मग दाबाचा त्रासच होणार नाही.”

“म्हंजी भोक पाडणार.”

“अगदी बारीक. नंतर भरून येतं.”

“न्हाय,” मेस्त्री म्हणाले. “पाय कापा हवं तर. कानाला हात लावायचा न्हाय.”

अंबूबाई खाली मान घालून पदराचं टोक पिळत होत्या. मला तर त्या म्हाताऱ्याचा संताप आला. पाय गेला तर चालेल, पण कानाला टाचणीएवढं भोक नको! हट्टाला काही सीमा?

आठ दिवस थांबलो. ठिपका विरला. आज सकाळी चौथी खेप. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आज दडा सुटला तर पुढे जाऊ. पुन्हा रक्त दिसलं तर मी बंद करणार. त्यांना परत सर्जनकडे पाठवावं लागेल.”

परत पाठवायचं म्हणजे काय, ते आम्हा दोघींना माहीत होतं.

आत जाण्याआधी मी सगळं तपासते. सुती गाऊन, अंगाला तेल नाही, अंगठी नाही, करदोटा नाही, मोबाइल नाही. मेस्त्रींनी तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी न सांगता ट्रेमध्ये काढून ठेवली. मी म्हटलं, चला, एवढं तरी शहाणपण आहे. पांढरा नॅपकिन आणि पाण्याची छोटी बाटली हातात दिली. “घोट घोट प्यायचं. ठीक असलं की अंगठा. दुखलं की तळहात. कळलं न्हवं?”

मान डोलली. दार लागलं. मी पॅनेलपाशी गेले आणि व्हॉल्व्ह केसभर उघडला.

“काका, गिळा.”

अंगठा.

काटा थोडा चढला. “गिळा, काका.”

अंगठा. पण कपाळावर आठी. मी थांबले. दाब थोडा उतरवला, परत चढवला. आठी तिथेच. डावी पापणी फडफडायला लागली होती.

“गिळा की वो! आवंढा गिळा!”

पुन्हा अंगठा. शाळेच्या बाईंनी हात दाखवला तेव्हा मी बघितलं नव्हतं. हे बाबा अंगठा दाखवत होते आणि मला त्यावर काडीचा विश्वास वाटत नव्हता. मी साडेतीन पावलं गेले, साडेतीन पावलं आले, पॅनेलचा माइक तोंडाशी धरून ओरडले. नळ्यातला माणूस छताकडे बघत पडलेला. शेवटी मी काचेवर टकटक करून बाटली दाखवली. त्यांनी बाटली तोंडाला लावली. गाल फुगले. मी गळ्याकडे बघत होते. गळ्याची घाटी हललीच नाही. पाणी तोंडात धरून ते क्षणभर थांबले, मग नॅपकिन तोंडाला लावला आणि हळूच सगळं त्यात सोडलं.

नॅपकिनवर तपकिरी डाग पसरला. बेटाडीन, माझ्या मनात आलं. मागच्या तिन्ही वेळांनाही तेच मनात आलं होतं आणि मी नॅपकिन धुण्याच्या बादलीत टाकले होते.

पण बेटाडीन पायाला. नॅपकिन तोंडाला.

माझं डोकंच फिरलं. तरी हात आवरला. दाब उतरवायचा तोही सावकाशच, रागाच्या भरात भसकन सोडून चालत नाही. काटा शून्यावर आला, दार उघडलं, स्ट्रेचर बाहेर ओढलं.

“तोंड उघडा.”

मेस्त्री कॅलेंडरकडे बघत होते.

“तोंड उघडा म्हंटलं की!”

अंबूबाईंनी पुढं होऊन त्यांच्या हनुवटीला बोट लावलं तेव्हा तोंड उघडलं. खालच्या ओठात तंबाखूचा बार, चांगला सुपारीएवढा. पुडी ट्रेमध्ये शहाण्यासारखी ठेवलेली, आणि माल आधीच जागेवर पोचलेला. बार भरलेला माणूस कधी गिळतो का? जन्मभराची सवय, थुंकी साठवायची आणि थुंकायची. इथे आत थुंकायला जागा नाही, म्हणून बाबा तोंड घट्ट मिटून पडलेले. मी बाहेरून गिळा गिळा म्हणून घसा फोडतेय, आणि गिळणं ही एकच गोष्ट त्यांना करता येत नव्हती.

“काय म्हणायचं तुमास्नी!” मी सुटलेच. “कान फुटला असता! झोपल्या झोपल्या ठसका लागून जीव गेला असता! पाय वाचवायला आलाय का आमास्नी जेलात घालायला आलाय? खिसं तपासलं मी, आता रोज दातबी तपासायचं काय?”

मेस्त्रींनी नजर परत कॅलेंडरवर नेली. त्यानं मी आणखीच पेटले. पुढं काय बोलले असते कोण जाणे, अंबूबाई मध्ये आल्या.

“त्येंच्यावर वरडू नगासा. मीच मळून देतो. खाली जिन्यात.”

“तुमी? मावशी, तुमी बी?”

“दार लावलं की ह्येंचा जीव घाबरतोय वो. एमआरआयला आरडत भाईर आलते. तंबाखू असली की जरा थारा ऱ्हातोय.”

“मग सांगायचं की मला!”

“काय सांगायचं? मेस्त्री भित्यात म्हणून?” त्यांनी माझा दंड धरून मला दोन पावलं मागं सारलं. “आन्‌ ह्या बाजूनं वरडून काय उपेग न्हाय. त्या कानानं ऐकूच येत न्हाय त्यास्नी.”

“कुठल्या?”

“उजव्या. सा-सात वर्सं झाली. वर्कशॉपात कुणाला ठावं न्हाय. कळलं तर इंजिन कोण आणंल? समदं ह्या डाव्यावर चाललंय.”

मी चालत नव्हते, हे मला थोड्या वेळानं कळलं.

मी कायम उजवीकडून बोलत आले होते. पॅनेल उजवीकडे, आतला स्पीकरही उजव्या उशाशी. आणि डाव्या कानात एकदा दडा बसला की मेस्त्रींना काहीच ऐकू येत नसणार. ना गिळा, ना थांबू का. बंद पेटीत, बहिरे, भ्यालेले, आणि बाहेरची बाई हातवारे करतेय. अंगठा नाही दाखवणार तर काय करणार? पाय कापा, कानाला हात लावायचा नाही, हे त्यांनी आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मी त्याला हट्ट म्हटलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ लाज.

डॉक्टर आल्या. दुर्बिणीनं बघितलं. पडदा थोडा लालसर, रक्त नाही. मग त्यांनी फॉर्म काढला. ‘ऐकू नीट येतं का’ याच्यापुढे मेस्त्रींनी ठळक ‘होय’ लिहिलेलं होतं.

“कानाची पूर्ण तपासणी पहिल्या दिवशीच करून घ्यायला हवी होती. चूक माझी,” त्या म्हणाल्या. “पण आता एकच कान आहे म्हटल्यावर आज मला धीर होत नाही.”

मेस्त्रींनी मान वळवून डावा कान त्यांच्याकडे केला होता. “म्याडम, एक डाव करून बघू. तोंड धुतो. दुखलं तर हात दावतो. खोटा अंगठा दावनार न्हाय.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मला नाही म्हणायचं होतं. हो म्हटलं आणि काही झालं तर मी या खोलीत परत पाऊल टाकू शकले नसते. पण नाही म्हणायचं म्हणजे त्या माणसाला निम्म्या पावलाकडे पाठवायचं. “हळू जाऊ,” मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

“मीही थांबते इथे. दोनदा थांबून दडा सुटला नाही तर बाहेर,” डॉक्टर म्हणाल्या.

मेस्त्रींनी चार वेळा चूळ भरली. मी बोट घालून दोन्ही ओठ तपासले, त्यांनी मुकाट तपासू दिले. उशाकडची बाजू थोडी उंच केली. मग मी त्यांच्या डावीकडे गेले, वाकले आणि कानाशी, न ओरडता, बोलले.

“काका, तुमच्याकडचा तिलारीचा घाट उतरायचा हाय. एसटी माझ्या हातात. तुमी हात दावला की वळणावर थांबतो. आत ऐकू आलं न्हाय तरी चालंल. मावशीकडं बघायचं. मावशी पाणी प्याली की तुमी प्यायचं.”

“अंबू हितंच ऱ्हाणार?”

“हितंच. काचंला लागून.”

डावीकडे स्टूल टाकलं. अंबूबाई स्टीलचा गडू घेऊन बसल्या आणि मोकळा हात काचेवर टेकवला. दार लागलं तसा मेस्त्रींचा श्वास जोरात सुरू झाला, गाऊन वरखाली होताना दिसत होता. मी व्हॉल्व्हला हात लावला नाही. अंबूबाईंनी एक घोट घेतला. आत मेस्त्रींनी बाटली उचलली. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. इतका साधा घोट, पण मी आयुष्यात कुणाच्या गळ्याकडे एवढं टक लावून बघितलं नसेल.

मग उघडला. केसाच्या निम्म्यानं. घोट. काटा जरासा. घोट. नाक धरून हलकी फुंकर. अंगठा. ह्या अंगठ्यामागे कपाळ गुळगुळीत होतं. खाली नीटच्या क्लासात कोणीतरी माइकवर बेंझीन शिकवत होतं, त्याचा मला इतका राग आला की खाली जाऊन तो माइक बंद करावा. मी गेले नाही. पाय मात्र जागच्या जागी हलत होते.

निम्मी वाट झाली आणि तळहात आला.

मी थांबले. त्याच क्षणी, घड्याळाकडे न बघता. दाब थोडा खाली. घोट. फुंकर. मेस्त्रींनी डोकं हलवलं. नाही सुटला.

“एक झालं,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

परत थोडा चढवला. तळहात. परत खाली. घोट, घोट, घोट. गडूतलं पाणी संपत आलं. मेस्त्रींच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, आणि ते बायकोच्या तोंडाकडे असे बघत होते की मला तिकडे बघवेना. माझा हात दाब उतरवायच्या नॉबवर गेला. डॉक्टरांनी तोंड उघडलं, बाहेर म्हणायला.

तेवढ्यात अंबूबाईंना जांभई आली.

मुद्दाम दिलेली नव्हे. पहाटे उठून भाकऱ्या थापून दोन बस बदलून आलेल्या बाईची ती खरी जांभई. एवढी मोठी की डोळे मिटले, पदर तोंडाशी नेतानेता राहून गेला. आत मेस्त्रींचा जबडा हलायला लागला. त्यांनी ओठ दाबून धरायचा प्रयत्न केला आणि हरले. तोंड उघडलं, आणखी उघडलं, पडजीभ दिसेपर्यंत उघडलं. मला आली, डॉक्टरांनाही आली. चौघंही जबडे वासून.

मेस्त्रींचं तोंड मिटलं. मग स्पीकरमधून आवाज आला.

“सुटला.”

मी विश्वास ठेवला नाही. माइक घेतला आणि अगदी हळू, पुटपुटल्यासारखं विचारलं, “काका, मावशीचं माहेर कुठलं?”

“कानूर,” आतून उत्तर आलं. “त्ये कशाला हवंय आता?”

अंबूबाई पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. मला हसायला जमलं नाही, हुंदकाच आला, तो मी खोकल्यात घातला. उरलेला घाट आम्ही घोटाघोटानं उतरलो. जिथं पोचायचं तिथं काटा पोचला तेव्हा एरवीच्या दुप्पट वेळ गेला होता. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता. ताटकळू दे.

दाब चढून स्थिर झाला की कानाचं काम संपतं, मग नव्वद मिनिटं नुसतं पडून राहायचं. मेस्त्रींनी डोळे मिटले. झोपले म्हणून मी माझ्या येरझाऱ्या सुरू केल्या. पाच-सात मिनिटांनी स्पीकर बोलला.

“ताई, हुबं ऱ्हावा जरा. तुमच्या पावलांनी ऐकू येईना.”

“काय ऐकू येईना?”

“तुमच्या दाराला वारा गळतोय. वरल्या अंगाला, डावीकडं. बारीक शिट्टी हाय.”

मी दाराला कान लावला. काही नाही. डॉक्टरांनी लावला. त्यांनीही मान हलवली. काटा जागेवर होता, सगळे आकडे बरोबर होते. चार वर्षं मी या नळ्याशेजारी उभी आहे, कंपनीचा माणूस दर तीन महिन्यांनी येतो, कुणी कधी शिट्टी ऐकली नव्हती. तरी मी बेसिनवर गेले, वाटीत साबणाचं पाणी कालवलं आणि पंक्चरवाला लावतो तसं बोटानं दाराच्या कडेला लावत गेले. खाली काही नाही. उजवीकडे काही नाही. वर डावीकडे मोहरीएवढा एक बुडबुडा आला. फुटला. पुन्हा आला.

काळजी करण्याजोगं काही नव्हतं. डॉक्टरांनी तिथूनच कंपनीला फोन लावला आणि पुढच्या पेशंटला उद्याची वेळ दिली. मी काचेजवळ, डावीकडून गेले आणि बोटावरचा फेस मेस्त्रींना दाखवला.

त्यांनी एक डोळा उघडून बघितलं. “मग? सांगितलं की,” म्हणाले, आणि परत मिटला.

डॉक्टर पॅनेलपाशी होत्या. मी दुसरं स्टूल ओढलं आणि अंबूबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी गडूतला शेवटचा घोट मला दिला. उरलेला सगळा वेळ मी जागची हलले नाही.